युकुलेलेवर सस कॉर्ड शिकायचेत? डी पासून सुरू करा

सस (म्हणजे सस्पेंडेड, लटकता) कॉर्डचे नवीन शेप पाठ करत बसू नका, आधी डी मेजर धरा, म्हणजे २२२० (तारा जी, सी, ई, ए या क्रमाने, आकडा म्हणजे कितव्या फ्रेटवर दाबायचं, ० म्हणजे मोकळी तार), पण तीन वेगळी बोटं लावून, एकच बोट आडवं टाकून नाही. आता ती बोटं तशीच ठेवून करंगळी ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर टेकवा, झाला डी सस४, २२३०. करंगळी काढा, आणि ई तारेवरचं बोटही उचला, २२००, हा डी सस२. बस एवढंच, एकच तार बदलतेय. डी ला सा धरलात तर गंधाराच्या जागी कधी मध्यम येतो कधी रिषभ, आणि मेजर-मायनर ठरवणारा गंधारच गायब म्हणून तो आवाज लटकल्यासारखा वाटतो, कान म्हणतो अरे पुढे जा ना.

एका बारमध्ये डी, सस४, डी, सस२ असं फिरवा, उजवा हात अजिबात थांबवायचा नाही, हळू चाललं तरी चालेल. बोट उचलताना ई तार दबकी वाजली तर शेजारचं बोट तिला लागतंय, ते जरा उभं करा.

जी मध्ये पण तसंच आहे, ०२३२ वरून ०२३३ आणि ०२३०, फक्त तिथे ए तार बदलते.