चढावर सायकल जड लागते? या चुका टाळा

दौलताबादचा घाट असो की मांजरसुंब्याचा, चढावर दम निघाला की पहिला संशय सायकलच्या वजनावर येतो. वजनाचा परिणाम होतोच. पण किती, ते मोजून घ्या.

सायकल, चालवणारा, पाणी, सामान मिळून ८५ किलो धरू. चढ ५ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर वर, आणि ५ किलोमीटर लांब. ताशी १२ च्या वेगानं २५ मिनिटं लागतात. तेवढाच जोर लावून एक किलो कमी नेलं, तर वाचतात १५-१६ सेकंद. मग तो किलो फ्रेमचा असो, पोटाचा की पाठीवरच्या पिशवीचा. चाकातला किलोसुद्धा एकसारख्या चढाला तेवढाच. हलक्या चाकाचा जास्तीचा फायदा एकदम वेग घेताना मिळतो. म्हणजे १४ किलोची सायकल विकून १० किलोची घेतली, तर या चढावर जेमतेम मिनिटभर कमी लागेल. एवढ्यासाठी खिसा रिकामा करण्याआधी टायर बघा.

खरा जोर तिथंच वाया जातो. मोठ्या नक्षीचे जाड टायर आणि त्यात हवा कमी, यानं रस्त्याचा विरोध दुप्पट झाला, की वरच्या हिशोबात आठ-नऊ किलो जास्तीचं ओझं लादल्यासारखं होतं. अंगठ्यानं दाबून हवा कळत नाही, मीटरचा पंप वापरा. २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरला एवढ्या वजनासाठी साधारण ७०-७५ पीएसआय (मीटरवरचं हवेच्या दाबाचं माप) पुरते. टायरच्या कडेला छापलेली मर्यादा ओलांडू नका.

याच्या उलटची चूकही होते: वजन वाचवायला पातळ टायर-ट्यूब घालणं. आपल्याकडं रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आणि सराटे. दोन टायरमध्ये ३०० ग्रॅम वाचवून पाच सेकंद मिळतात, एका पंक्चरमध्ये पंधरा मिनिटं जातात.

मग चाक उचलून हातानं फिरवा. ब्रेकचं रबर रिमला घासत असेल तर चाक लगेच थांबतं. दोन्ही बाजूंना एक-दोन मिलिमीटर फट ठेवा. चेन कोरडी असेल तर फडक्यानं पुसून प्रत्येक कडीवर एक थेंब तेल सोडा आणि वरचं तेल पुसून काढा, नाहीतर धूळ चिकटते.

गिअर नसलेल्या सायकलला पुढं ४४ आणि मागं १८ दाते असतील, तर ताशी १२ ला पायडलच्या मिनिटाला ३९ च फेऱ्या होतात. सगळा भार गुडघ्यावर! पुढं ३४, मागं ३२ असेल तर त्याच वेगाला ९० फेऱ्या होतात, आणि वेग ८ वर आला तरी ६० राहतात. गिअर चढ लागण्याआधीच बदला. जोर देत असताना बदलला तर चेन उतरू शकते.

वजन कमीच करायचं तर लोखंडी स्टँड, कॅरिअर, जाड साखळीचं कुलूप घरी ठेवा. पाण्याला मात्र हात लावू नका. एक लिटर म्हणजे एक किलो हे खरं, पण एप्रिल-मेच्या उन्हात तो किलो लागतोच. वर पाणी मिळणार हे पक्कं माहीत असेल तरच एक बाटली कमी भरा.