सनरूफची काच बदलायची आहे? आधी चार नळ्या बघा

वळवाच्या वाऱ्यात आमच्या दारातल्या नारळाची वाळलेली झावळी देठाच्या बाजूनं गाडीवर आदळली आणि सनरूफच्या काचेचा साबुदाण्यासारखा चुरा झाला. नवी काच बसवून घेतली. बसवणाऱ्यानं शेवटी 'पाऊस तोंडावर आलाय, पक्कं करून देतो' म्हणत चारी बाजूंच्या फटीत काळं सिलिकॉन भरलं, आणि मला ते बरंच वाटलं. जुलैत संततधार लागली तेव्हा पुढच्या डाव्या सीटपुढचा गालिचा पिळला तर पाणी निघेल इतका ओला सापडला. माझा मेव्हणा गॅरेजमध्ये फिटर आहे. त्यानं काच उतरवली, कोपऱ्यात बॅटरी धरली आणि म्हणाला, "दाजी, काच कुठं गळतीया? नळी तुंबलीया." जास्तीचं सिलिकॉन आत ओघळून पाणी जायच्या भोकातच सुकलं होतं.

त्या दिवशी सगळं पुन्हा उतरवून आम्ही दोघांनी बसवलं. खाली लिहिलेला क्रम तोच आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या

सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी बनवलेलं नसतं. ते वारा, धूळ आणि बरंचसं पाणी अडवतं, पण थोडं पाणी आत येणार हे गाडी बनवणाऱ्यानं धरलेलंच असतं. त्यासाठी काचेच्या खाली चारी बाजूंनी पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात आणि दरवाज्याच्या बिजागरीजवळ किंवा पुढच्या चाकाच्या वर सुटतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून उतरून मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या मागे सुटतात. कौलारू घराचं पाणी पन्हळीतून दारच्या गटारात जातं, तसंच हे. गटार तुंबलं की कौलं कितीही चांगली असली तरी भिंत ओली होते. म्हणून सनरूफ 'सील करणं' म्हणजे फट बुजवणं नव्हे. रबर नीट बसवणं आणि वाट मोकळी ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ.

काच फुटल्यावर लगेच

बटण दाबू नका. काचेचे तुकडे रुळांत पडलेले असतात आणि मोटर फिरली की ते केबलमध्ये आणि गिअरमध्ये जातात. काच बदलून भागलं असतं तिथं मग अख्खी यंत्रणा बदलावी लागते. आतला सरकता पडदा बंद असेल तर बंदच राहू द्या, बराच चुरा त्यानं झेललेला असतो. साफसफाईच्या आधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा धरत नाहीत, पण रबर आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के धरतात, त्यामुळे झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड-सोय) घेतलेली नसेल तर रबराचे अर्धे पैसे तुमचे. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातून आधीच कापली जाणारी रक्कम, असते: १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १००० रुपये, त्यावरच्या गाडीला २०००. नो क्लेम बोनस जाणार का हेही आधी विचारा.

काच मिळेपर्यंत भोकावर जाड प्लॅस्टिकचा कागद टाका आणि रंगाला फक्त मास्किंग टेप लावा. तपकिरी पॅकिंगची टेप उन्हात चिकटून बसते आणि तिचा गोंद रंगावर राहतो. असा कागद लावून पुणे-बंगळूर महामार्गावर गाडी पळवू नका, वाऱ्यानं तो फुगतो आणि उडतो.

कोणती काच, कशी बसवलेली

उघडणारी, सरकणारी काच बहुधा दोन्ही बाजूंच्या स्क्रूंवर बसलेली असते. दोन माणसं, योग्य बिट आणि एक निवांत सकाळ असेल तर ती घरी बदलता येते. पॅनोरमिक, म्हणजे जवळपास छतभर काच असलेल्या छताचा न उघडणारा भाग मात्र गाडीच्या पत्र्याला युरेथेन नावाच्या पक्क्या गोंदानं चिकटवलेला असतो. तो घरी करू नका. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

काच मागवताना गाडीचं नाव आणि साल सांगून भागत नाही. आरसी बुकावरचा १७ अक्षरी चॅसिस नंबर द्या, कारण एकाच मॉडेलमध्येही काचा वेगळ्या निघतात. नव्या काचेवर आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ (भाग २) हा क्रमांक कोरलेला आहे का ते बघा, रस्त्यावरच्या वाहनांच्या सुरक्षा काचेचं ते भारतीय मानक आहे. भंगारातल्या गाडीची काच घेणार असाल तर कडेवरून बोट नव्हे, कापड फिरवा. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच पोटावर मार सोसते, पण कडेला टवका उडाला असेल तर ती एखाद्या उन्हाळी दुपारी आपोआप फुटू शकते. त्याच कारणानं नवी काचही फरशीवर उभी टेकवू नका. जमिनीवर वाकळ अंथरा आणि तिच्यावर आडवी ठेवा.

जुनी काच उतरवणं

हातमोजे, चष्मा आणि बूट घाला. सीटवर जुनी चादर टाका. व्हॅक्युम क्लीनरच्या अरुंद तोंडानं आधी पन्हळ, मग रूळ, मग पडद्याच्या कडा साफ करा, आणि त्यानंतरच पडदा हातानं सावकाश मागे सरकवा. हे काम दोनदा करावं लागतं. पहिल्या वेळी सगळं निघाल्यासारखं वाटतं, पण पडदा हलवला की नवा चुरा दिसतो.

काच शाबूत असेल, फक्त रबर किंवा गळतीसाठी उतरवत असाल, तर ती बंद ठेवा आणि छतावर काचेच्या कडेला मास्किंग टेपचे तुकडे लावून तिची जागा आखून घ्या. आतून दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची झाकणपट्टी असते, ती प्लॅस्टिकच्याच पट्टीनं हलके सोडवा. तिच्यामागे प्रत्येक बाजूला दोन किंवा तीन स्क्रू असतात, बऱ्याच गाड्यांत टॉर्क्स टी-२५ चे, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे. एकानं आतून स्क्रू सोडायचे आणि दुसऱ्यानं वरून काच धरायची. स्क्रूच्या डोक्याखाली पातळ चकत्या असतील तर कुठली कुठं होती ते लिहून ठेवा. काच आतून वर ढकला आणि बाहेरून उचला.

नळ्या: इथं घाई करू नका

काच निघालेली असते तेव्हा चारही भोकं डोळ्यांना दिसतात. वर्षभरात पुन्हा अशी संधी नाही. आपल्याकडे या भोकांत काय साठतं ते ठरलेलं आहे: उन्हाळ्यातली तांबडी धूळ, गुलमोहराची आणि कडुनिंबाची बारीक पानं, आणि गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आसपास गाडी उभी राहत असेल तर उसाच्या चिपाडाची काजळी. ती पाण्यात भिजली की चिखलासारखी बसते.

प्रत्येक भोकात तांब्यानं पेलाभर पाणी सावकाश ओता आणि दुसऱ्याला खाली बघायला सांगा. पाणी चाकाजवळ धारेनं पडायला हवं. थेंब थेंब पडत असेल तर नळी अर्धी तुंबलेली आहे, आणि कुठंच पडत नसेल तर ते गाडीत जातंय, लगेच थांबा.

साफ करायला गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी सगळ्यात चांगली. टोक मेणबत्तीवर किंचित गोल करा आणि फिरवत फिरवत आत घाला. सायकलची तार, छत्रीची काडी असलं काही वापरू नका, नळी आतून फाटते. कॉम्प्रेसरची पूर्ण हवाही मारू नका. जोराच्या हवेनं नळी वरच्या तोटीवरून निसटते, आणि मग छताचं कापड आणि खांबाचं आवरण काढल्याशिवाय ती परत बसत नाही. त्या आवरणामागे बऱ्याच गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, म्हणून ते आवरण घरी ओढू नका, जाणकारालाच काढू द्या. नळीच्या खालच्या टोकाला कधी कधी रबरी टोपी असते, तिची चीर चिखलानं चिकटलेली असते. बोटानं दाबून ती मोकळी करा.

पुढची नळी तुंबली की पाणी खांबातून उतरून पायाशी येतं, आणि तिथंच बऱ्याच गाड्यांत फ्यूजची पेटी आणि वायरिंगचे जोड असतात. काचेचा खर्च एकदाचा. ओल्या वायरिंगचा त्रास मात्र वर्षभर पुरतो.

काच बसवणं आणि उंची जुळवणं

रूळ कोरड्या कापडानं पुसा आणि जुनं काळं ग्रीस काढा. कंपनीनं सांगितलेलं ग्रीस बोटभर लावा, जास्त लावलं तर धूळ धरतं. रबर काचेसोबत आलं नसेल तर ते आधीच काचेच्या कडेवर बसवा. त्याचा जोड मागच्या बाजूला, मधोमध येईल असं बघा आणि कोपऱ्यांवर रबर ताणू नका. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि जोडाशी फट पडते.

दोघांनी मिळून काच वरून जागेवर ठेवा. सगळे स्क्रू आधी सैल लावा, मग चारी बाजूंची फट सारखी दिसेपर्यंत काच सरकवा. आता उंची. काचेची पुढची कड छताला समतल किंवा केसभर, फार तर एक मिलिमीटर खाली हवी. मागची कड समतल किंवा तेवढीच वर. कारण सरळ आहे: वारा पुढून येतो. पुढची कड वर राहिली तर तो तिच्यावर आपटून शिट्टी वाजते आणि पाणी रबराखाली ढकललं जातं. मागची कड खाली राहिली तर छतावरचं पाणी तिथं साचतं. तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

मोजायला एटीएम कार्ड पुरतं. ते छतावर सपाट धरून काचेकडे सरकवा, अडलं किंवा उडी मारली की बोटांना कळतं. पुढचे स्क्रू आधी आवळा, मग मागचे, आणि प्रत्येक वेळी कार्ड फिरवा. आम्हाला डावा मागचा कोपरा चार वेळा सोडावा लागला. स्क्रू हातानंच आवळा. ड्रिल मशीननं प्लॅस्टिकमधला पेच फिरतो.

मग कागदाची परीक्षा. वहीच्या कागदाची पट्टी काच आणि छताच्या मधे धरा, काच बंद करा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखी अडकत, पण न फाटता निघायला हवी. एखाद्या जागी सहज सुटली तर तिथली उंची पुन्हा बघा.

बॅटरीची तार काढली असेल तर काचेची मोटर आपली जागा विसरते. बंद करायचं बटण काही सेकंद धरून ती पुन्हा शिकवावी लागते, पण नेमकी पद्धत गाडीनुसार बदलते, माहितीपुस्तक बघूनच करा.

सिलिकॉनबद्दल

सरकत्या काचेच्या फटीत कुठलंही सिलिकॉन, एम-सील किंवा फेविक्विक भरू नका. काच पुन्हा उघडली की ते फाटतं आणि रबर सोबत घेऊन निघतं. बाजारातल्या स्वस्त सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो ॲसिटिक ॲसिडचा वास असतो, आणि त्यानं रंग गेलेल्या पत्र्याला गंज लागतो. रबर कोरडं, कडक झालं असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोल, डिझेल किंवा साधं मशीनचं तेल लावलं तर रबर फुगतं. रबरावर तडे असतील तर मात्र काही लावून उपयोग नाही, नवं घ्या.

चिकटवलेल्या काचेचं काम वेगळं. तिथं जुनं युरेथेन तारेनं कापतात, पत्र्यावर त्याचा पातळ थर ठेवून प्रायमर लावतात आणि नव्या युरेथेनची सलग, तिकोनी धार देऊन काच दाबतात. हे समोरच्या काचा बसवणाऱ्या जाणत्या दुकानातच करा. युरेथेन हवेतल्या दमटपणानं पक्कं होतं, पण पृष्ठभाग ओला असेल तर चिकटतच नाही, म्हणून उघड्यावर भर पावसात कुणी करून देतो म्हणाला तर नको म्हणा. युरेथेनच्या ट्यूबवर लिहिलेली वाट बघायची वेळ पाळा. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, म्हणजे दार आपटल्यावर आतल्या हवेचा दाब काचेवर येणार नाही. त्या दिवशी धुलाई नको आणि गगनबावड्याचा घाटही नको.

पाण्याची परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करा. बागेच्या साध्या पाइपनं, तोंड न दाबता, दहा मिनिटं छतावर पाणी सोडा. प्रेशर वॉशर वापरू नका, त्याच्या झोतानं चांगलं बसलेलं रबरही पाणी आत घेतं. पाणी चालू असताना एकानं आत बसून छताच्या कापडाच्या कडा आणि पुढचे खांब हातानं चाचपावेत, आणि शेवटी पायाखालचा गालिचा उचलून खालचा फोम दाबून बघावा. वरचा गालिचा कोरडा आणि फोम ओला, असं पुष्कळदा असतं. मग गाडीचं नाक उतारावर आणि नंतर चढावर ठेवून हीच परीक्षा पुन्हा करा, कारण सपाटीवर चारही नळ्यांची कसोटी लागत नाही.

हे काम मे महिन्यात, मृग लागायच्या आत उरकलेलं बरं. शहरातल्या पावसाचं एक वेळ निभावतं, पण राधानगरी किंवा गगनबावड्याकडे पाऊस कितीतरी पट असतो आणि तिथं अर्धी तुंबलेली नळी तासाभरात कळते. आमच्या गाडीत आता दर दोन महिन्यांनी रविवारी सकाळी काच उघडून चारही कोपऱ्यांत तांब्याभर पाणी जातं. खाली चाकाशी उभं राहून 'आलं, आलं' ओरडायचं काम माझ्या मुलीचं.