ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन आणि घड्याळ : या चुका टाळा

"पोरगी गाढ झोपली की मगच टोचायचं ना?" चोपड्याच्या एका आईने परवा मला फोनवर विचारलं. अगदी हाच प्रश्न घेऊन मीही उपचाराचे पहिले दोन महिने जागून काढलेत. आम्ही भुसावळचे. आमच्या मुलीला सातव्या वर्षी ग्रोथ हार्मोनची, म्हणजे उंची वाढवणाऱ्या हार्मोनची, कमतरता निघाली, आता ती दहाची आहे. या तीन वर्षांत हजारावर इंजेक्शनं मी आणि तिच्या बाबांनी घरीच दिली. मी डॉक्टर नाही. पण ज्या चुकांत आमचे महिने वाया गेले, त्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दुसऱ्या घरांत होऊ नयेत असं फार वाटतं. डोस किती आणि कधी, ते मात्र तुमच्या मुलाचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

मिनिटं मोजत बसणं

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती हे हार्मोन सतत सोडत नाही. झऱ्याला उमाळे यावेत तसं दिवसभरात थांबून थांबून सोडते. सगळ्यात मोठा उमाळा झोप लागल्यावर साधारण पहिल्या तासाभरात, पहिल्या गाढ झोपेत येतो. म्हणून इंजेक्शन रात्री देतात. इथवर माझं बरोबर होतं. पुढे मी मनाशी ठरवून टाकलं की नेमक्या त्या उमाळ्याच्या वेळेलाच औषध आत गेलं पाहिजे. इंजेक्शनचं पेन (पेनसारखी दिसणारी, डोस फिरवून लावायची सुई) हातात धरून मी तिच्या उशाशी बसायचे. श्वास संथ झाला की हळूच चादर सरकवायची. सुई लागताच ती दचकून उठायची, रडायची, आणि मग बारा वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. ज्या गाढ झोपेसाठी एवढा खटाटोप करत होते, तीच माझ्या हाताने मोडत होते.

शेवटी तपासणीच्या वेळी सिस्टरनी नीट समजावलं. शरीराने स्वतः सोडलेलं हार्मोन रक्तात २० मिनिटांच्या आसपास निम्मं होतं. कातडीखाली दिलेलं औषध मात्र हळूहळू झिरपतं, त्याची रक्तातली पातळी टिपेला जायला चार ते सहा तास लागतात. मग नऊला दिलं काय आणि साडेनऊला दिलं काय! शिवाय आपल्या मुलांचा स्वतःचा उमाळाच तोकडा असतो, त्याची वेळ साधण्यात किंवा चुकवण्यात काही अर्थ नाही. हार्मोन पुढे लिव्हरकडून आयजीएफ-१ नावाचं द्रव्य बनवून घेतं. वाढीचं बरंचसं काम ते करतं, आणि रक्तातली त्याची पातळी दिवसरात्र जवळपास सारखी राहते. ही पातळी टिकते ती रोजच्या डोसमुळे.

तेव्हापासून आमच्याकडे दात घासून झाले की इंजेक्शन. मुलगी पूर्ण जागी असते, "आज डावी मांडी की उजवी?" हे तीच ठरवते. रडणं तेव्हाच थांबलं.

जिममधलं वेळापत्रक मुलाला लावणं

माझा भाचा जळगावला जिमला जातो, तिथे काही जण हेच इंजेक्शन अंग कमवायला घेतात. त्याने एकदा मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "मावशी, रात्री नको, सकाळी दे. रात्री दिलं तर शरीराचं स्वतःचं बनणं बंद पडतं. आणि आधी दोन तास पोट रिकामं पाहिजे." त्याच्या मनात काळजीच होती, पण हे गणित आपल्या मुलांचं नाही. शरीरात पुरेसं बनत नाही म्हणून तर आपण बाहेरून देतो आहोत.

पोटाची गोष्टही तशीच. साखर वाढली की पिट्युटरीतून होणारा स्राव दबतो, हे खरं आहे. पण सुईने आत गेलेलं औषध पिट्युटरीच्या हातात नसतं. जेवण झालंय म्हणून इंजेक्शन फुकट जात नाही. शहाद्याच्या एका घरात या ऐकीव माहितीपायी सात वर्षांच्या मुलाला रात्री उपाशी ठेवत होते. ज्या मुलाला वाढायचंय त्याच्या तोंडची भाकरी काढायची? मला ते ऐकवेना.

आता भाच्यासारख्या, ज्यांची ग्रंथी ठणठणीत आहे त्यांच्याबद्दल. बाहेरचं हार्मोन वाढलं की आयजीएफ-१ वाढतं आणि मेंदू आपल्या ग्रंथीला आवर घालतो. सकाळी घ्या, संध्याकाळी घ्या, एकाचे दोन भाग करून घ्या, हा आवर चुकवणारं वेळापत्रक नाही. अंगावर सूज, सांधेदुखी, हाताच्या बोटांना मुंग्या, वाढलेली रक्तशर्करा हे त्याचे परिणाम. हाडांची टोकं एकदा जुळली की उंचीही वाढत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी यादीत हे औषध आहे. भाच्याला मी हे सगळं तोंडावर सांगितलं.

अखाजीला सुट्टी, मग दुप्पट डोस

ही माझी सगळ्यात मोठी चूक. पहिल्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलो. लिंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणताहेत, घरात पुरणाचा घमघमाट. रात्री पेन काढलं तर आई म्हणाली, "आज नको टोचू माय पोरले, सण शे." माझं मन विरघळलं. एक रात्र म्हणता म्हणता तीन रात्री गेल्या, आणि भुसावळला परतल्यावर भरपाई म्हणून मी डोस दुप्पट केला.

तसं कधी करू नका. राहिलेल्या रात्री दुप्पट डोसने भरून येत नाहीत, आणि जास्त डोसने रक्तातली साखर आधी उतरू शकते, मग चढू शकते. आम्हाला दिलेला नियम सोपा आहे: त्याच रात्री आठवलं तर द्यायचं, दुसरा दिवस उजाडला तर तो डोस सोडून नेहमीच्या वेळेला नेहमीएवढाच द्यायचा. तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विचारून फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा.

"आमच्या वेळी आठवड्यातून दोन-तीनदाच देत," असं सांगणारे जुने जाणते भेटतात. खोटं नाही ते. १९८५ पर्यंत हे हार्मोन मृतांच्या पिट्युटरीतून काढत, मिळायचं थोडं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूत देत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्यावर ते बंद झालं आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेलं हार्मोन आलं. पुढे दिसलं की आठवड्याचा तोच डोस रोज थोडा थोडा दिला तर मुलं जास्त वाढतात. आता आठवड्यातून एकदाच द्यायची इंजेक्शनंही निघाली आहेत, पण ते औषध मुद्दाम संथ केलेलं असतं. रोजच्या पेनचे सात डोस एका दिवशी देणं म्हणजे ते नव्हे.

मे महिना आणि फ्रिज

आपल्याकडे वेळ चुकण्यापेक्षा औषध बिघडण्याचं भय मोठं आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि हे औषध ठेवायचं असतं २ ते ८ अंशांत. माठाजवळच्या गार कोपऱ्याने भागत नाही. उलट्या बाजूची चूक आमच्याकडे झाली. उकाडा फार म्हणून सासूबाईंनी मायेने नवं पेन बर्फाच्या खान्यात सरकवलं. गोठलेलं औषध वितळल्यावर दिसतं जसंच्या तसं, पण कामाचं राहत नाही. हजारोंचं ते पेन टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून पेन मधल्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात, मागच्या गार भिंतीपासून लांब.

प्रवासाला रुंद तोंडाचा थर्मास घ्या. आईस पॅक नॅपकिनमध्ये गुंडाळा, पेन बर्फाला थेट टेकू देऊ नका. एसटीत थर्मास मांडीवर, डिकीत किंवा टपावर नाही. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका, लाईट गेल्याची वेळ टिपून ठेवा आणि जास्त तास झाले तर ते पेन वापरण्याआधी विचारा. पेन उघडल्याची तारीख त्यावरच चिकटपट्टीवर लिहा. बरीच पेनं उघडल्यापासून २८ दिवस चालतात, पण तुमच्या पाकिटावर काय छापलंय तेच पाळा. आणि हलवून, खळखळवून देऊ नका. हे प्रथिन आहे, घुसळल्याने बिघडतं.

मिलिग्रॅम की युनिट

एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट. समजा मूल २० किलोचं आहे आणि डॉक्टरांनी रोज किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम सांगितलंय. ते झालं ०.६ मिलिग्रॅम, म्हणजेच १.८ युनिट. कंपनी बदलली, नव्या पेनवर मिलिग्रॅमचे आकडे आले आणि तुम्ही जुन्या सवयीने १.८ वर फिरवलं, तर डोस तिप्पट! पेन बदललं की पहिला डोस सिस्टरसमोर लावून दाखवा. वजन वाढेल तसा डोसही डॉक्टर बदलतात, म्हणून मागच्या वर्षीचा आकडा यंदा चालवू नका.

जागाही रोज बदला. आम्ही सहा महिने उजव्या मांडीचा एकच ठिपका धरला होता, तिथे कातडीखाली चरबीची गाठ झाली. आता मांड्या, पोट, कुल्ले अशी फिरती ठेवतो.

चुकीची तपासणी

एका लॅबमध्ये आमच्याकडून सकाळी सहज काढलेल्या रक्तावर ग्रोथ हार्मोनची तपासणी करून घेतली. आकडा जवळजवळ शून्य, घरात रडारड. दोन उमाळ्यांच्या मध्ये धडधाकट माणसाचंही असंच येतं, हे कोणी सांगितलं नाही. निदानासाठी उपाशीपोटी औषध देऊन ठरावीक अंतराने रक्त घेतात. आमच्या मुलीला क्लोनिडीन दिलं होतं, त्याने रक्तदाब उतरतो आणि गुंगी येते. ती दोन तास माझ्या मांडीवर लोळत पडली होती. आयजीएफ-१ चं रक्त मात्र दिवसात कधीही दिलं तरी चालतं.

पिट्युटरीची आणखी हार्मोन्स कमी असतील तर गोळ्यांच्या वेळा एकत्र करू नका. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी. कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन कमी असेल तर देतात त्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीचा मोठा भाग सकाळी, कारण शरीराचं कॉर्टिसॉल पहाटे-सकाळीच चढतं. ग्रोथ हार्मोन रात्री. सकाळची गोळी राहिली तर ती रात्रीच्या इंजेक्शनसोबत उरकायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

उलट्यांसह डोकं दुखणं, अंधुक दिसणं, लंगडणं, मांडीच्या सांध्यात किंवा गुडघ्यात दुखणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. "वाढीचं दुखणं असेल" म्हणून आम्ही एकदा चार दिवस घालवले. नशिबाने साधा मुरगळा निघाला.

उंची मोजण्याची वेळ

माणूस सकाळी उंच असतो आणि दिवसभरात सेंटिमीटरभर खचतो. एकदा शाळेत जाण्याआधी आणि पुढच्या वेळी संध्याकाळी खेळून आल्यावर मोजलं, तर वाढ थांबलीच असं वाटतं. अनवाणी, टाचा भिंतीला, केस मोकळे, वेळ तीच, आणि तीन महिन्यांतून एकदा; दर रविवारी नाही. पहिल्या वर्षी बरीच मुलं ८ ते १० सेंटिमीटर वाढतात, दुसऱ्या वर्षी वेग उतरतो. तेव्हा औषध लागू पडेनासं झालं असं समजून ते परस्पर बंद करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वहीत उंची आणि वजनाशेजारी चुकलेल्या रात्रीही लिहिलेल्या असू द्या, अखाजीच्यासुद्धा.