रिअ‍ॅक्ट नेटिव्हमधलं अ‍ॅप लहानमोठ्या सगळ्या फोनवर नीट कसं बसवायचं

लालबागला ओळखीच्या एका काकूंचा डब्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये (एकाच जावास्क्रिप्ट कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची अ‍ॅप बनवायचं साधन) ऑर्डरचं अ‍ॅप बनवलं होतं. माझ्या फोनवर मस्त दिसत होतं आणि काकूंनी त्यांच्या फोनवर उघडलं तर "उद्याचा डबा नको" हे बटण अर्धं स्क्रीनच्या बाहेर, कारण त्यांनी फॉन्ट मोठा करून ठेवलेला, बारीक वाचता येत नाही म्हणून. त्यांच्या गिऱ्हाइकांतही असे बरेच जण असणार. तेव्हापासून मी ज्या क्रमाने काम करतो तो सांगतो.

१. आधी आकडे समजून घ्या
स्टाइलमध्ये लिहिलेला आकडा पिक्सेल (स्क्रीनवरचा प्रत्यक्ष ठिपका) नसतो, डीपी असतो, म्हणजे स्क्रीन कितीही दाट असली तरी साधारण तेवढंच दिसणारं माप. अँड्रॉइडवर १६० डीपीआयच्या (एका इंचात १६० ठिपके) स्क्रीनवर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, ४८० डीपीआयवर ३ पिक्सेल, म्हणजे १०८० पिक्सेल रुंदीचा फोन तुमच्या कोडला ३६० चाच दिसतो. हा हिशेब आपोआप होतो, आपल्याला बघायची ती रुंदी. कुठे ३६०, कुठे ३९०, कुठे ४१२, पहिल्या आयफोन एसईवर तर ३२०च. डिझाइन ३९० च्या फ्रेमवर काढलेलं असेल आणि तेच आकडे तसेच उतरवले तर ३६० वाल्या फोनवर वरचे ३० कुठे जाणार?

बरेच जण सगळंच रुंदीच्या प्रमाणात मोठं-लहान करतात. माझं म्हणणं, ते करू नका. टॅबलेटवर अक्षरं राक्षसासारखी होतात, आणि मोठा स्क्रीन घेणाऱ्याला जास्त मजकूर बघायचा असतो.

२. ओळी फ्लेक्सने बांधा
फ्लेक्स म्हणजे ओळीतली जागा घटकांमध्ये वाटून द्यायची पद्धत. डब्याची एक ओळ घ्या: डावीकडे फोटो, मध्ये "मेथीची भाजी, ३ पोळ्या, वरणभात, कोशिंबीर", उजवीकडे किंमत. फोटोला पक्की ६४ रुंदी द्या, किमतीला काहीच देऊ नका, मधल्या मजकुराला फ्लेक्स १ द्या, म्हणजे उरलेली जागा त्याला मिळते. इथे वेबवरून आलेले हमखास फसतात, कारण वेबवर फ्लेक्स-श्रिंक (जागा कमी पडली तर आक्रसायचं की नाही) मुळात १ असतो आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये ०, त्यामुळे फ्लेक्स न दिलेला मजकूर आक्रसत नाही आणि किंमत बाहेर ढकलली जाते.

३. रुंदी विचारायची तर हुकने विचारा
फाइलच्या वर एकदाच डायमेन्शन्स-गेट (Dimensions.get) करून रुंदी घेऊन ठेवली तर फोन आडवा केल्यावर किंवा फोल्ड उघडल्यावर जुनाच आकडा राहतो. यूज-विंडो-डायमेन्शन्स (useWindowDimensions) हा हुक, म्हणजे कंपोनंटमध्ये वापरायचं तयार फंक्शन, वापरा; आकडा बदलला की कंपोनंट (स्क्रीनचा तो तुकडा) परत रेंडर होतो, म्हणजे नव्याने काढला जातो. ६०० डीपीच्या वर दोन कॉलम, खाली एक, एवढ्याने बहुतेक अ‍ॅपचं भागतं. फ्लॅटलिस्टमध्ये (यादी दाखवायचा कंपोनंट) नम-कॉलम्स, म्हणजे कॉलमची संख्या, चालू असताना बदलली तर एरर येते, म्हणून त्याच्याबरोबर key हा प्रॉपही बदला.

४. मराठी अक्षरांना जागा द्या
यावर जरा वेळ घालवाच. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजीच्या मापाने लाइन-हाइट (एका ओळीची उंची) ठेवली तर "पूर्ण" मधला रफार किंवा दीर्घ ऊकार कापला जातो. फॉन्ट १६ असेल तर मी लाइन-हाइट २४ ते २६ ठेवतो. बटणाला हाइट देऊ नका, मिन-हाइट (कमीत कमी उंची) ४८ आणि वरखाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या, मग अक्षर वाढलं की बटणही वाढतं. अलाउ-फॉन्ट-स्केलिंग (फोनच्या सेटिंगप्रमाणे अक्षर मोठं होणं) बंद करून प्रश्न मिटवणारे आहेत, कृपा करून ते करू नका, ज्याला वाचता येत नाही त्याचाच आधार आपण काढून घेतो. खालच्या टॅबच्या नावांसारखी जागा फारच कमी असेल तिथे मॅक्स-फॉन्ट-साइज-मल्टिप्लायर (अक्षर जास्तीत जास्त किती पट वाढू द्यायचं) १.३ वगैरे लावा, बाकी ठिकाणी नको.

५. नॉच आणि खालची पट्टी
नॉच म्हणजे वरच्या कॅमेऱ्याची खाच. सेफ-एरिया-कॉन्टेक्स्ट लायब्ररी घ्या आणि तिचे इन्सेट्स (कडेला किती जागा सोडायची ते आकडे) पॅडिंगला द्या, झालं.

६. तपासा
अँड्रॉइडच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये स्मॉलेस्ट विड्थ (स्क्रीनची रुंदी डीपीत) असते, जुना आकडा लिहून ठेवा आणि ३२० टाका. फॉन्ट सगळ्यात मोठा करा, भाषा मराठी ठेवा आणि प्रत्येक स्क्रीन उघडून बघा. शक्य असेल तर दादरला गाडीत उभं राहून एका हाताने ऑर्डर करून बघा, दुसरा हात कडीला. अंगठा पोचत नाही ते बटण खाली आणा.

काकूंच्या फोनवर आता "उद्याचा डबा नको" दोन ओळींत येतं, पण पूर्ण येतं.