सक्युलंटची पाने मऊ पडल्यास आधी मुळे पाहावीत

पावसाळ्यात सक्युलंटची (पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या मांसल झाडाची) पाने मऊ पडली की झाड सुकले असे समजून बहुतेक जण त्याला आणखी पाणी घालतात, आणि वाचू शकणारे झाड हातचे जाते. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, म्हणून तहानलेले आणि मूळकूज झालेले झाड वरवर सारखेच मलूल दिसते. फरक बोटांना कळतो. तहानलेले पान सुरकुतलेले पण चिवट असते. कुजीचे पान पिवळट, पाणी भरल्यासारखे अर्धपारदर्शक होते आणि नुसत्या स्पर्शाने गळते. (सर्वांत खालची पाने कागदासारखी वाळणे हा रोग नव्हे.) शंका राहिली तर झाड कुंडीतून काढून पाहावे. निरोगी मुळे पांढरट आणि घट्ट असतात. कुजलेले मूळ चिमटीत धरून ओढले, तर साल निसटून हातात येते आणि मागे दोऱ्यासारखा गाभा उरतो.

कूज आढळल्यास ब्लेड स्पिरिटने पुसून खराब भाग कापावा आणि प्रत्येक कापानंतर ते पुन्हा पुसावे. माझ्या एका अडेनियमचा (जाड, फुगीर बुंध्याच्या सक्युलंटचा) बुंधा वरून धडधाकट दिसत होता, पण अंगठ्याने दाबल्यावर एका बाजूला खड्डा पडला. आतला तपकिरी भाग कापत गेलो, तेव्हा तिसऱ्या कापाला स्वच्छ, पांढरट गर लागला. तपकिरी ठिपका किंवा कडे उरले असेल तर थांबू नये, कारण कूज तिथूनच पुन्हा वर चढते. कापलेल्या जागी गंधकाची पूड लावावी, जाड खोड सावलीत हवेशीर जागी निदान आठवडाभर वाळवावे, मगच जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे मिसळलेल्या कोरड्या मिश्रणात लावावे आणि पहिले काही दिवस पाणी देऊ नये. एचेव्हेरियाची (गुलाबाच्या पाकळ्यांसारखी पाने रचलेल्या सक्युलंटची) कूज शेंड्यापर्यंत पोहोचली असेल, तर वरची टणक पाने अलगद काढून त्यांपासून नवी रोपे करता येतात.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड असते. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून ते टिपून काढावेत, मात्र आधी एका पानावर प्रयोग करावा, कारण एचेव्हेरियाच्या पानांवरचा मेणासारखा थर पुसला गेला की त्या पानावर पुन्हा येत नाही. दर आठवड्याला पुन्हा तपासावे, आणि कुंडीवर मुंग्यांची रांग दिसत राहिली तर मुळांवरही या किडीची पांढरी पूड आहे का, हे पाहावे.