गुहागर ते रेडी एकट्याने टेंट घेऊन निघताय? मग या चुका टाळा

डिसेंबर आला की कोकणच्या सागरी महामार्गावर डिकी भरून टेंट-मॅट घेतलेल्या गाड्या दिसायला लागतात, आणि हल्ली त्यात एकेकटे निघालेले बरेच असतात. ग्रुपमध्ये काही चुकलं तर गाडी ढकलायला चार जण असतात, एकट्याला कोणी नसतं, फरक एवढाच, पण तो रात्री दहाला वाळूत उभं राहिल्यावर कळतो. कुठला टेंट घ्यायचा, कुठली मॅट भारी यावर यूट्यूबवर ढिगाने पडलंय, त्यात मी शिरत नाही. माझ्या मते निम्मे घोळ एकाच गोष्टीमुळे होतात, रात्रीची जागा अंधार पडल्यावर आणि कोणालाही न विचारता ठरवणे.

आता अंधार का पडतो, तर मॅपवर अंतर किरकोळ दिसतं म्हणून. देवबागच्या टोकाला उभे राहा, समोर भोगवे दिसतं, हाक मारली तर ओ येईल असं वाटतं, पण मध्ये कर्ली नदीचं मुख आहे आणि गाडीला परत मालवण, मग चौके, नेरूरपारचा पूल, परुळे असा वळसा घालावा लागतो. तवसाळहून जयगडला जायला फेरीबोट आहे, वळसा वाचतो, पण शेवटची बोट कधी हे त्याच दिवशी जेट्टीवर विचारायचं, नेटवर बघून नाही. आणि रेडीहून पुढे तेरेखोलच्या फेरीने गोव्यात केरीला उतरायचं असेल तर ओहोटीला पाणी कमी झालं की ती कधी कधी थांबते, मग आरोंद्याच्या पुलावरून किरणपाणी. त्यामुळे दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर धरा आणि साडेचारपर्यंत मुक्कामी पोचा, डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य बुडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक भरतीची. संध्याकाळी सातला समुद्र लांब दिसतो, वाळू सपाट आणि कडक, टेंट ठोकायला एकदम झकास, आणि रात्री पाणी दारात. कोकणातला जुना हिशोब अजून चालतो, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर तीन, दुपारी तीन आणि पहाटे तीन, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण अंदाज येतो, आणि हे करायला नेटवर्क लागत नाही. चतुर्थीला सातला दिसणारं पाणी ओसरत चाललेलं असतं, पहाटे तीनला ते परत येणार हे तेव्हा लक्षातच येत नाही. वाळूवर काटक्या, शेवाळ, थर्माकोलचे तुकडे यांची एक रेघ असते, तिथपर्यंत मागची भरती आली होती. टेंट त्या रेघेच्या बराच वर, कोरड्या भुसभुशीत वाळूत. आणि पौर्णिमा-अमावस्या जवळ येत असेल तर कालच्या रेघेवर पण विसंबू नका, उधाणाचं पाणी ती ओलांडतं. शिवाय हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसापेक्षा मोठी असते, दुपारी पाहिलेली रेघ रात्री चालेलच असं नाही.

दुसरी चूक म्हणजे गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत उतरवणे. एक तर ते करायचंच नाही, बहुतेक ठिकाणी बंदी आहे आणि दर सीझनला कोणाची तरी गाडी लाटांत अडकल्याचा व्हिडिओ फिरतोच. पण किनाऱ्याच्या पार्किंगमध्ये पण वाळू असते, तिथेही चाक रुततं. रुतलं की लोक काय करतात, ॲक्सिलरेटर दाबतात, चाक जागेवर फिरतं आणि गाडी पोटावर बसते. पाय काढा आधी. खाली उतरून चाकाच्या पुढची-मागची वाळू हाताने नाहीतर ताटलीने उकरा, चारी टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत कमी करा, टायर पसरतो आणि पकड येते. चालवणाऱ्या चाकांखाली, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या, फूटमॅट उलटे सारा आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने रिव्हर्समध्ये, हळू, क्लच न चोळता. निघालात तर डांबरावर जोरात पळवायच्या आधी हवा भरायची, म्हणून पंप सोबत हवाच. दोन-तीनदा करून नाही निघाली तर हट्ट सोडा आणि गावात जाऊन ट्रॅक्टर विचारा, भरती वर येत असेल तर पहिल्यांदाच विचारा.

टेंटबरोबर येणाऱ्या खुंट्या वाळूत धरत नाहीत, वारा सुटला की उपटतात. त्याऐवजी प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरायची, दोरी तोंडाला घट्ट बांधायची, हातभर खोल खड्ड्यात पुरून वरून तुडवायचं, मग बघा हलतं का. सकाळी पिशव्या आठवणीने काढा. सकाळी टेंट आतून ओला दिसला की लोक म्हणतात गळतो, तो गळत नसतो, तुमच्याच श्वासाची वाफ आणि वरून दव, रात्री दोन्हीकडच्या जाळीवरचं कापड थोडं उघडं ठेवलं की कमी होतं. माडाखाली मात्र टेंट अजिबात नको, सावली मस्त असते पण नारळ आणि झावळी विचारून पडत नाहीत. चप्पल आत घ्या, बाहेर ठेवली तर गावची कुत्री सकाळपर्यंत पार दुसऱ्या वाडीत नेतात.

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, गुहागर, तांबळडेग, वायंगणी अशा किनाऱ्यांवर. तिथे रात्री शेकोटी, मोठे एलईडी दिवे नकोतच, पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. वाळूत जाळी लावून राखलेला भाग दिसला तर लांब राहा.

आणि या सगळ्यावर सोपा उपाय, गावात विचारा. "काका, रात्रीपुरता टेंट लावू का तुमच्या अंगणात, पैसे देतो" एवढं म्हटलं की कोणी ना कोणी जागा देतं, वर पाणी, बाथरूम आणि सांगितलं तर माशाचं जेवण पण. फोटोसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, एकटं झोपायची हौस असेल तर तिथे फुरसं हा विषारी साप असतो हे माहीत असू दे, अंधारात टॉर्च आणि बूट हवेतच. चावलंच तर कापाकापी, करकचून दोरी बांधणं नको, 108 ला फोन आणि सरळ सरकारी हॉस्पिटल.

थंडी वाजते म्हणून शेगडी टेंटमध्ये पेटवू नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं पण नको. गॅसचा कॅन दुपारी बंद गाडीत तापत ठेवू नका.

घरी आल्यावर टेंट गोड्या पाण्याने धुवा आणि गाडीला खालून पाणी मारून घ्या, मिठाने पत्रा खातो. टेंटची चेन अडकत असेल तर ओढू नका, जुन्या टूथब्रशने वाळू काढा आणि दातांवर मेणबत्ती घासा, चालू लागते.