पुढच्या स्ट्रटचा आवाज: आधी शोध, मग दुरुस्ती

पावसाळाभर पाणंदीतून आणि खड्ड्यांतून फिरलेल्या गाडीच्या पुढच्या बाजूने खडखड येऊ लागली, की शॉकअप गेले असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो, आणि दोन्ही स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेले पुढचे खांब) बदलल्यावरही तोच आवाज कायम राहिल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. म्हणून आवाज नेमका कोणत्या भागातून येतो हे ठरल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये.

आवाज केव्हा येतो, हे प्रथम नोंदवावे. उद्यमनगरातल्या उखडलेल्या रस्त्यावर गाडी सावकाश नेताना बारीक टकटक येत असेल, तर स्टॅबिलायझरच्या, म्हणजे वळणावर गाडीचा झुकाव रोखणाऱ्या दांड्याच्या, लिंक रॉडवर (त्या दांड्याला जोडलेल्या छोट्या सळईवर) पहिला संशय घ्यावा. गतिरोधकावरून उतरताना धप्प असा जड आवाज आला आणि त्यानंतर गाडी डुलत राहिली, तर स्ट्रटची दमन शक्ती (उसळी शमवण्याची ताकद) संपलेली असण्याचा संभव अधिक असतो. ब्रेक दाबताना येणारा एकच ठोका बहुधा लोअर आर्मच्या (चाकाला धरणाऱ्या खालच्या भुजेच्या) रबरी बुशचा असतो. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग वळवल्यावर कुरकुर किंवा स्प्रिंग उसळल्यासारखा आवाज आला, तर स्ट्रटचे वरचे माउंटिंग (तो गाडीच्या सांगाड्याला जिथे बसतो तो भाग) आणि त्याचे बेअरिंग तपासावे.

बेअरिंगची परीक्षा सोपी आहे. मदतनीसाने स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि आपण बोनेट उघडून माउंटिंगवर तळहात ठेवावा. बेअरिंग अडकत असेल, तर स्प्रिंगमध्ये पीळ साठून तो एकदम सुटल्याचा धक्का हाताला जाणवतो. बोटे मात्र स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालू नयेत.

लिंक रॉड तपासताना एकच चाक जॅकवर उचलले, तर स्टॅबिलायझर पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि तिची ढिलाई लपते. त्यामुळे दोन्ही चाके जमिनीवर असताना, गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर उभी करून, लिंक हाताने हलवून पाहावी. तरीही शंका उरली, तर दोन्ही लिंक तात्पुरत्या काढून मोकळ्या रस्त्यावर अगदी सावकाश थोडेच अंतर फिरून यावे. वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त झुकेल, पण आवाज थांबला तर दोष लिंकचाच. ही चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती महागड्या स्ट्रटचा अनावश्यक खर्च वाचवते.

स्ट्रटच्या अंगावर किंचित ओलसरपणा दिसला म्हणून तो निकामी ठरत नाही. तेल ओघळून त्यावर चिखलाचा थर बसला असेल, तर मात्र तो बदलावाच, आणि डावा-उजवा दोन्ही एकत्र बदलावेत. माउंटिंग, बेअरिंग आणि बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा तुकडा) त्याच वेळी नवे घालणे शहाणपणाचे, कारण पुन्हा उघडण्याची मजुरी त्या भागांपेक्षा सहज जास्त होते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतकी शक्ती असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराने) स्प्रिंग व्यवस्थित आवळून ती वरच्या बैठकीपासून मोकळी झाल्याखेरीज स्ट्रटच्या दांड्यावरच्या मधल्या नटाला पाना लावू नये. योग्य कॉम्प्रेसर नसेल, तर स्ट्रट उतरवून जुळवणीचे काम जाणत्या गॅरेजकडे द्यावे. गाडीखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेतच.

जुळवताना स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीच्या पायरीला नीट टेकले पाहिजे. मधला नट आवळताना स्ट्रटचा चकचकीत दांडा पकडीने धरू नये, कारण त्यावर पडलेला ओरखडा थोड्याच दिवसांत सील फाडतो. लोअर आर्मचे बुश बदलले असतील, तर त्यांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. सर्व बोल्टांना कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) द्यावा आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.

नवे स्ट्रट बसवूनही पहिल्याच फेरीत ठोका ऐकू आला, तर मधला नट, स्प्रिंगची बैठक आणि लिंकचे नट याच क्रमाने पुन्हा पाहावेत.